काथोडमामांची वीस पावलं

८ डिसेंबर. लसीचे डबे धुऊन पालथे घातले, रजिस्टर पुरं केलं आणि आता टेबलावर एक जुना लसीकरणाचा तक्ता उलटा पसरून बसले आहे. त्याच्या कोऱ्या बाजूवर माझ्या अक्षरात अठ्ठावीस ओळी आहेत. 'विहिरीपासून आंब्याकडे चाळीस. आंब्यापासून बांध धरून साठ, मग डावीकडे.' अशा. आज त्या नीट उतरवून काढायच्या आहेत, कारण उद्या सकाळी आमच्या उंबरखोरीच्या रस्त्याचं रुंदीकरण सुरू होतंय आणि जेसीबी येतोय.

मी इथल्या आरोग्य उपकेंद्राची सिस्टर. उपकेंद्रात येणारी इंटरनेटची केबल हा रस्ता तीन ठिकाणी ओलांडते आणि दोन ठिकाणी त्याच्या कडेने जाते. नेमकी कुठे, ते एकाच माणसाला माहीत होतं. तो माणूस भाद्रपदात गेला. त्याने सांगितलेलं मी लिहून घेतलं होतं, तेही कंटाळत.

दुपारी रस्त्याच्या इंजिनिअरला भेटले. त्याच्याकडे छापील नकाशा आहे. नकाशात केबल रस्त्याच्या डाव्या कडेने सरळ, पट्टीने आखल्यासारखी जाते.

"मॅडम, रेकॉर्डला हेच आहे," तो म्हणाला.

"रेकॉर्डला असेल. केबल म्हादू भोईरच्या बांधातून जाते."

तो हसला. माणूस वाईट नाही. म्हणाला, "सकाळी आठपर्यंत खुणा करून द्या. खुणा असतील तिथे हाताने खोदू. नसतील तिथे मशीन चालेल."

उद्या मंगळवार आहे. मंगळवारी अकरा वाजता मुरबाडच्या डॉक्टरीणबाई पडद्यावर येतात. विठाबाईच्या सुनेला सातवा महिना आहे, रक्तदाब चढलेला आहे आणि तिला गेल्या आठवड्यापासून गाडीचे हादरे नकोत असं सांगितलेलं आहे. केबल तुटली तर ती परत कोण जोडणार, हे मला माहीत नाही. जोडणारा नाही, एवढं माहीत आहे.

जोडणाऱ्याचं नाव काथोड पडवळ. सगळे काथोडमामा म्हणत. मीही म्हणायचे.

मामा टेलिफोन खात्यातले लाइनमन. नोकरीची सगळी वर्षं खर्डी आणि आटगाव या दोन स्टेशनांच्या आसपास गेली. आटगावला खांबावरून पडले आणि उजवा पाय आखडला. तेव्हापासून चालताना डावं पाऊल पुरं पडायचं आणि उजवं अर्धं. लांबून सिद्धगडाच्या बाजूने कोणी येताना दिसलं की चेहरा कळायच्या आधी चाल कळायची. निवृत्त झाले तरी खाकी शर्ट सुटला नाही. खिशात टेस्टर, चिकटपट्टीचं भेंडोळं आणि रंगीत तारांचे तुकडे. त्या तारांनी ते काहीही बांधायचे. स्वतःच्या चष्म्याची काडी, बायकोच्या विळ्याची मूठ, माझ्या वजनकाट्याचा हूक, शेजारणीची चप्पल. आमच्या गावात निळ्या-पांढऱ्या तारेने बांधलेली वस्तू दिसली की ती कोणी दुरुस्त केली, हे विचारावं लागत नाही.

लग्नाला गेले की मामा पंगतीला सापडायचे नाहीत. मांडवाच्या मागे जाऊन दिव्यांच्या माळेचे उघडे जोड शोधायचे आणि पट्टी मारत बसायचे. यजमान हाका मारत यायचा, "मामा, जेवून घ्या, मंग करा." मामा म्हणायचे, "आधी करतो. तुझा जावय चिकटला तर जेवण कोणाला जाईल?"

आणि ते अंतर मीटरमध्ये कधीच सांगायचे नाहीत. खात्यात इतकी वर्षं काढलेला माणूस, टेप कशी धरायची ते माहीत होतं, पण म्हणायचे, "टेप सरळ जाते. बांध सरळ जातो काय? पाऊल बांधाबरोबर वळतं. पाऊल खोटं बोलत नाय." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे ते सुरू करायच्या आधी मीच पूर्ण करायचे.

केबल आमच्यापर्यंत कशी आली, ते सांगायला हवं. सरकारी केबल मोठ्या गावातल्या ग्रामपंचायतीपर्यंत येऊन थांबली होती. आमचं उपकेंद्र तिथून पुढे, चढावर, शेवटच्या पाड्यात. दोन वर्षं पंचायतीच्या लोखंडी कपाटात इंटरनेटचा डबा होता आणि पंचायतीत इंटरनेट नव्हतं. मामा एकदा दाखल्यासाठी गेले आणि कपाटामागे वाकून बघायला लागले. मी तेव्हा तिथेच होते, कसल्यातरी सहीसाठी ताटकळत.

"भाऊसाहेब," मामांनी ग्रामसेवकांना विचारलं, "ह्याचा पिन कोणी काढला?"

"किटलीला लागतो. तो डबा कोणी चालू करत नाही."

"चालू केला तर काय होईल?"

"काय माहीत. उद्घाटन झालं तेवढं पुरे आहे."

मामांनी किटलीचा पिन काढला आणि डब्याचा घातला. तीन हिरवे दिवे लागले. ते दिव्यांकडे असे बघत राहिले, जसा एखादा माणूस आपल्या हरवलेल्या गुराकडे दुसऱ्याच्या गोठ्यात बघतो. मग म्हणाले, "सिस्टर, इथवर आलीय. आता ही काय पाण्यासारखी चढाला अडते काय?"

पुढची मंजुरी होती. उपकेंद्राचं नाव कागदावर होतं. ठेकेदाराने केबलचं मोठं लाकडी चाकही आणून टाकलं होतं आणि पोरं त्यावर चढून खेळत होती. अडलं होतं ते वेगळ्याच गोष्टीवर. रस्ता बराचसा वनखात्याच्या हद्दीतून जातो आणि तिथे खोदायला परवानगी नव्हती. ठेकेदार दोनदा येऊन हात हलवत परत गेला होता.

मामा म्हणाले, रस्ता सोडून द्या, शेतातून नेऊ. ठेकेदार म्हणाला, शेतकऱ्यांच्या सह्या आणा, माझी माणसं तयार आहेत. मामा सह्या आणायला निघाले. अकरा घरं, त्यांचं स्वतःचं धरून. मी चार-पाच घरांना बरोबर होते, कारण मला तशाही भेटी द्यायच्या असायच्या.

बाळाराम विशे नावाचा एक शंकेखोर माणूस आहे. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की या तारेतून उजेड जातो. तो म्हणाला, "माझ्या बांधाखालून उजेड न्यायचा. भाताची मुळं जळली तर?"

मामांनी खिशातून केबलचा तुकडा काढला, एका टोकाला बॅटरी धरली आणि दुसरं टोक बाळारामच्या तळहातावर टेकवलं. केसाएवढा ठिपका चमकला.

"भाजलं?"

"नाय."

"मंग भात काय तुझ्या हातापेक्षा नाजूक हाय?"

बाळारामने सही केली. नंतर आठवडाभर तो तुकडा गावभर फिरला आणि हरवला.

खरी भांडणं झाली ती राबावरून. आमच्याकडे भाताची रोपं करायची जागा आधी भाजून घेतात. शेण, पातेरा, ऐनाचे टहाळ, गवत यांचा थर देतात, वर माती टाकतात आणि उन्हाळ्यात पेटवतात. तोच राब. प्रत्येकाची राबाची जागा बापजाद्यांपासून ठरलेली, बहुतेक बांधाच्या कडेला. आणि केबल जाणार बांधातून. त्यातही जिथे खडक लागला तिथे खोल जाता येत नव्हतं. पाइप खडकावर ठेवून वर चार बोटं माती, एवढंच. म्हणून मामांनी नियम काढला. राब लाइनपासून वीस पावलं लांब.

म्हादू भोईर चिडला. "माझ्या आज्याची जागा हाय ती."

"तुझ्या आज्याला लाइन नव्हती."

"तुमच्या वायरीपायी आमी राब उचलायचा?"

"बारकीला ताप भरला तर कुठं जाशील?"

"सिस्टरकडं."

"सिस्टर कोणाला इचारील?"

"डॉक्टरला."

"डॉक्टर कशातून बोलंल? तुझ्या बांधातून. आता बोल, राब ठेवतो का डॉक्टर?"

म्हादूने स्वतः वीस पावलं टाकली, लांब लांब, रागाने, आणि तिथे दगड रोवला. अकरा घरांनी आपापली वीस पावलं मोजली. ठेकेदाराची माणसं मामांच्या मागून खोदत आली. कागद मात्र कोणी बदलला नाही. कागदावर केबल रस्त्याने गेली ती आजपर्यंत रस्त्यानेच जाते आहे.

उपकेंद्रात डबा बसला त्या दिवसापासून मामांचं 'राम राम' बंद झालं. रोज सकाळी दारात येऊन विचारायचे, "लाइन हाय का?" मी डब्याकडे बघायचे, तीन हिरवे दिवे. "आहे." ते म्हणायचे, "मंग बरं," आणि जायचे. कधी बसले नाहीत, चहा मागितला नाही.

हे सगळं त्यांनी गावासाठी केलं, असं लोक म्हणतात. असेल. पण मला माहीत आहे की त्यांनी ते तानीमामीच्या पायासाठी केलं. तानीमामी त्यांची बायको. साखरेचा आजार जुना, पायाच्या तळव्याला जखम, बरी होईना. मुरबाडला न्यायचं म्हणजे फाट्यापर्यंत जीप, पुढे एसटी, तिथे रांग, पूर्ण दिवस. मामी एकदा जायची आणि दोनदा टाळायची. टाळलं की जखम पुन्हा मूळपदावर.

केबल आल्यावर दर मंगळवारी डॉक्टरीणबाई पडद्यावर तिचा पाय बघायला लागल्या. पहिल्या मंगळवारी मामी ठेवणीतलं लुगडं नेसून आली, काठीच्या मुठीला नवी निळी तार गुंडाळलेली.

"मावशी, पाय कॅमेऱ्याजवळ आणा," बाई म्हणाल्या.

"आधी तोंड तर बघ गो बाय. पाय काय पळून जातो?" मामी म्हणाली. मग पडद्याजवळ वाकून, "जेवलीस का?"

"अजून नाही मावशी."

"अकरा वाजले. सिस्टर, हिला सांगा, उपाशीपोटी लोकांचे पाय बघू नये."

बाई हसल्या. पुढे तो दर मंगळवारचा रिवाज झाला. जेवलीस का, मग पाय. मामा त्या वेळी आत यायचे नाहीत. खिडकीबाहेर उभे राहायचे. मला वाटायचं बायकोकडे बघतायत. नाही. डब्याच्या दिव्यांकडे बघत असायचे. आठ महिन्यांत जखम रुपयाएवढी होती ती हरभऱ्याएवढी झाली. मलमपट्टी मी करत होते, बघत त्या होत्या. आमचं तिघींचं जमलं होतं.

आता पुढचं. हे पटकन लिहून टाकते.

वैशाखात मामांनी राब लावला. त्यांचीही जागा बापाची, लाइनच्या शेजारी. त्यांनीही ती हलवली. म्हादूने बांधावरून हाक मारली होती, "मामा, मोजलीत का वीस?" मामा म्हणाले, "दोनदा." खरंच दोनदा मोजली होती. मी विचारलं नव्हतं तरी मलाही सांगितलं होतं. सकाळी वारा नव्हता तेव्हा पेटवला. दुपारी वारा उठला. विस्तव सुक्या गवतातून सरकत बांधापर्यंत गेला आणि नेमका खडकावरच्या पाइपवर. चार बोटं मातीने काय होणार?

चार वाजता माझ्या डब्यातला एक दिवा लाल झाला. मामा धावत आले. तो माणूस धावू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. दारातून "लाइन हाय का?" विचारलं नाही. दिवा बघितला आणि तसेच मागे फिरले.

तो शनिवार होता. केबल बरीच लांब वितळली होती. काचेचा धागा जोडायला मशीन लागतं आणि ते शहापूरला दिनकर म्हणून त्यांचा जुना सहकारी होता, त्याच्याकडे. दिनकर दुसऱ्या कामावर लांब गेला होता. "सोमवारी येतो." सोमवारी, "बुधवारी नक्की."

रविवारी मी मामीची पट्टी सोडली तर जखमेच्या कडेला काळा ठिपका. मी म्हणाले, गाडी करू. मामी म्हणाली, "ह्या उन्हात? दोन दिवसांनी मंगळवार हाय ना." मामा म्हणाले, "मंगळवारपर्यंत जोडतो सिस्टर. बाईंना दाखवू, त्या काय बोलतील तसं करू." मी टेकडीवर गेले, तिथे मोबाइलला जरा रेंज येते. बाईंना फोटो पाठवला. तो गेला नाही. आवाज तुटक येत होता. त्या म्हणाल्या, बघितल्याशिवाय कसं सांगू?

मी टेकडी उतरले आणि लाइन जोडायची वाट बघत थांबले.

मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी मामीला ताप चढला आणि शुक्रवारी पहाटे मी कोणाला न विचारता जीप आणली. मुरबाडहून पुढे पाठवलं. गुडघ्याखाली पाय काढला. नवव्या दिवशी मामी गेली.

ज्या दिवशी पाय काढत होते, त्याच दिवशी दिनकर मशीन घेऊन आला. मामा दवाखान्यातून आले, बांधावर उकिडवे बसले, दिनकरने जोड घालेपर्यंत केबल हातात धरून राहिले आणि परत दवाखान्यात गेले. विठाबाई तोंडावर म्हणाली, "बायको तिकडं आणि तुमी वायरीत?" मामा म्हणाले, "तिकडं मी नुसता बाकावर बसतो. इथं धरायला तरी उपयोगी हाय."

तेराव्यानंतर ते माझ्याकडे आले. हातात टेप होती. मी पहिल्यांदाच त्यांच्या हातात टेप बघितली. म्हणाले, "सिस्टर, जरा शेतावर चला."

बांधापासून राबाच्या काळ्या डागापर्यंत त्यांनी पावलं टाकली. एक पुरं, एक अर्धं. बरोबर वीस भरली. मग म्हणाले, "आता तुमी टाका." मी टाकली. तेरा. त्यांनी टेप खाली ठेवली, उलगडलीच नाही. म्हादूच्या दगडाकडे बघितलं. तो कितीतरी लांब होता. दहा घरांनी धडधाकट पायांनी मोजली होती आणि ज्याने नियम काढला त्याने आपल्या पायाने.

"म्हंजे पाऊल बोलतं खोटं," ते म्हणाले.

मला त्या वेळी बोलायला हवं होतं. आग पायामुळे लागली असेल, पण थांबण्याचा निर्णय पायाने घेतला नव्हता. लाइन नव्हती तेव्हा काळा ठिपका दिसला की मी दुसऱ्या शब्दाला वाव न देता गाडी करायचे. लाइन आली आणि मी बाईंनी बघितल्यावर बघू, असं करायला शिकले. तीस वर्षं जखमा बघणारी बाई मी. बघितल्याशिवाय कसं सांगू, हे बाईंनी म्हणायचं. मी तर बघितलं होतं. हे मी त्यांना तिथे सांगितलं नाही, नंतरही सांगितलं नाही. त्यांनी सगळं स्वतःच्या पायावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. दोन वर्षं रोज दारात येणाऱ्या माणसाला.

कारण ते येत राहिले. मला वाटलं होतं, आता लाइनचं नाव काढणार नाहीत. उलट झालं. रोज पहाटे उठून पंचायतीपासून उपकेंद्रापर्यंत बांधाबांधाने चालायचे. कुठे उंदराने पोखरलंय, कुठे बांध खचलाय, कुठे कोणी खुंटी ठोकलीय. तसेच दारात. "लाइन हाय का?" "आहे." "मंग बरं." फक्त मंगळवारी अकराला खिडकीबाहेर उभं राहणं बंद झालं. मंगळवारी ते साडेदहालाच येऊन जायचे.

त्यांनी पुन्हा राब लावला नाही. राब नाही तर रोपं नाहीत. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत त्यांच्या बांधावर कोणीतरी रोपांच्या मुठी ठेवून जायचं. म्हादू म्हणतो मी नाही. बाळाराम म्हणतो मी नाही. शेत मात्र दोन्ही वर्षं पूर्ण लागलं.

गेल्या उन्हाळ्यात एके दिवशी म्हणाले, "सिस्टर, लिवून घ्या." मी म्हटलं, काय? "लाइन. कुठून कुठं जाते ती." मला तालुक्याचा अहवाल पाठवायचा होता. मी कुरकुरले. ते उन्हात उभे राहिले तसेच. शेवटी हाताला लागला तो तक्ता घेतला आणि निघाले. ते पुढे मोजत, मी मागे लिहीत.

"मीटरमध्ये सांगा ना मामा," मी म्हणाले. "हे पुढे कोणाला कळणार?"

ते थांबले. "सगळ्या लाइनीला मीटर लावायला माझ्यात दम नाय आता. पाऊल खोटं हाय ते मला म्हायीत. पण खोटं तरी एकसारखं हाय. चाळीस लिवा."

मी चाळीस लिहिलं.

शेवटचे दिसले ते अनंत चतुर्दशीच्या आदल्या सकाळी. मी लसीच्या पेटीत बर्फ भरत होते, दहा गावं करायची होती. दारातून आवाज आला, "लाइन हाय का?" मी मान वर न करता म्हणाले, "आहे." ते गेले नाहीत. दोन पायऱ्या चढून आत आले, जे कधी करत नसत. डब्यासमोर वाकले, बोटाने हवेत एक, दोन, तीन केलं. मग माझ्याकडे बघितलं. रागावले नव्हते. शिकाऊ नर्सकडे मी बघते तसं बघितलं. "मंग बरं," म्हणाले आणि पायऱ्या उतरले, एक पुरी, एक जपून. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत. झोपेतच गेले होते. म्हादूचा निरोप आला तेव्हा मी दिवे बघितले. तिन्ही हिरवे होते.

आज संध्याकाळी उजेड होता तोवर एकदा तक्ता घेऊन चालून बघितलं. विहिरीपासून आंब्याकडे चाळीस. माझी चाळीस पावलं आंबा ओलांडून पार पुढच्या वावरात गेली. विसाला तेरा, हा हिशेब करून बघितला. तोही दुसऱ्या वळणावर फसला. बांध अरुंद होतो तिथे माझं पाऊल आखूड पडतं, त्यांचं पडत नसे. म्हादू माझ्यासोबत होता. तो म्हणाला, "सिस्टर, असं नाय जमायचं." मग दोघेही परत आलो. कसं जमेल, ते दोघांनाही कळलं होतं.

९ डिसेंबर. पहाटेच उठले. चुन्याच्या फक्कीची पिशवी म्हादूने घेतली, तक्ता मी. विहिरीच्या कठड्याला पाठ लावून उभी राहिले. डावं पाऊल पुरं टाकलं. उजवं ओढलं आणि अर्ध्यात टेकलं. पहिली दहा पावलं लाज वाटली. मग वाटेनाशी झाली, कारण मोजण्याकडे लक्ष द्यावं लागतं. कंबर एका बाजूला जाते, तोल बांधाच्या आतल्या अंगाला राहतो, म्हणून अरुंद जागीही पाऊल बदलत नाही. चाळिसाव्या पावलाला माझा हात आंब्याच्या खोडाला लागला.

म्हादू मागून फक्कीची पांढरी रेघ ओढत आला. आंब्यापासून साठ, मग डावीकडे. बाळारामच्या बांधाला तीस. रस्त्याची पहिली ओलांडणी सापडली. तिथे म्हादूने टिकावाने हलकेच उकरलं तर वीतभर खाली काळा पाइप. दुसरी ओलांडणीही सापडली. काळ्या खडकावरून जाताना मी थांबले नाही, कारण थांबलं की आकडा जातो.

तिसऱ्या ओलांडणीच्या जवळ जेसीबी येऊन उभा होता. पावणेआठ झाले होते. ड्रायव्हर तरुण होता, खिडकीतून वाकून बघत होता.

"सिस्टर, पायाला लागलं काय?"

"नाही रे," मी म्हणाले. "मोजते आहे."

त्याच्याशी बोलण्यात आकडा चुकला. त्याला मशीन बंद करायला सांगितलं, मागे दुसऱ्या ओलांडणीपाशी गेले आणि तिथून पुन्हा एकपासून सुरुवात केली.